दोरीच्या आतलं गवत

मित्रांनो, मी विळा आहे. जुना आहे, पण बोथट नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण म्हाताऱ्या वस्तू आपलं रडगाणं गात बसतात अशी तुमची समजूत असते. माझी पाठ काळी पडली आहे, मुठीला चीर गेली आहे, टोकही थोडं झिजलं आहे. पण दव पडलेल्या गवतातून मी आजही असा सपकन जातो, की कापणाऱ्या हाताला जोर लावावा लागत नाही.

विळा होण्याआधी मी ट्रकमध्ये होतो. ट्रकच्या चाकांवर पोलादी पट्ट्यांची कमान असते आणि गाडीचा सगळा भार तीच पेलते. त्या कमानीतला मी एक पाटा. भिवंडीच्या कापडाच्या गाठी पेलत मी मुलूखभर हिंडलो. कसाऱ्याचा घाट तर मला पाठ झाला होता. एके दिवशी ट्रक खड्ड्यात असा आदळला की माझे दोन तुकडे झाले आणि भिवंडीजवळच्या वडप्याच्या एका गॅरेजमागं मी भंगारात जाऊन पडलो.

तेव्हा वडप्याला आजच्याएवढी गोदामं नव्हती. मोरू लोहाराची भट्टी मात्र होती. मोरू भंगारातून नेमके पाटे निवडून न्यायचा. त्याचं म्हणणं असं, की बाजारातलं लोखंड दिसायला बरं, पण ट्रकचा पाटा मार खाऊन शहाणा झालेला असतो. त्यानं मला भट्टीत लालबुंद केलं, ठोकून ठोकून वाकवलं आणि पाण्यात बुडवलं. फार दुखलं, खोटं कशाला बोलू! पण वर आलो तेव्हा मला बाक आला होता, धार आली होती आणि आपण आता कोणीतरी झालो आहोत असं वाटत होतं.

मला घ्यायला आली ती धाकली. डोंगराच्या पायथ्याशी तिचा पाडा आहे. नाव धाकली असलं तरी कामात ती सगळ्यांची थोरली. तिनं माझी धार अंगठ्याच्या नखावर पारखली, एकदा हवेत फिरवून पाहिलं आणि मला कमरेला खोचलं. तिच्या नवऱ्यानं, सावळ्यानं, तिच्या पंजाच्या मापाची खैराची मूठ करून मला बसवली. सावळ्या आता नाही. मूठ अजून आहे. दुसऱ्या कोणी मला धरलं की मी आजही अवघडतो.

मग आमची वर्षं गवतात गेली. डोंगरउतारावरचं गवत, बांधावरचं गवत, आणि पुढे कॉलेज उभं राहिल्यावर कॉलेजच्या मागच्या माळाचं गवत. भिवंडीच्या कडेला, जिथे लूमचे गाळे संपतात आणि डोंगर सुरू होतो, तिथे हे कॉलेज आहे. पावसाळाभर त्या माळाला कोणी विचारत नाही. दसऱ्याच्या सुमाराला गवत कमरेएवढं होतं, पिवळं पडायला लागतं आणि दिवाळीनंतरच्या स्नेहसंमेलनाला मैदान स्वच्छ पाहिजे, म्हणून धाकलीला बोलावणं जातं. पाड्यावरच्या बायांना घेऊन ती येते. गवत कापायचं, भारे बांधायचे, काही आपल्या बकऱ्यांना, बाकीचे तबेलेवाल्याला. मैदान स्वच्छ होतं आणि बायांची दिवाळीही होते.

या बायांची एक रीत आहे. सगळ्या एका रांगेत बसून कापत पुढे सरकतात. जिच्या मागे गवताचा एखादा झुबका उभा राहील, तिची 'शेंडी राहिली' असं म्हणतात. त्या झुबक्याला बाकीच्या गाठ मारतात, गाणी म्हणतात, आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांचा चहा तिनं करायचा. काशीची शेंडी दरसाल राहते, कारण काशी बोलते जास्त. धाकलीची शेंडी कधी राहिली नाही. तिच्या मागे वळून पाहिलं तर जमीन हजामत केल्यासारखी दिसायची. त्यातला अर्धा मान माझा होता आणि मी तो पुरेपूर घ्यायचो.

मध्ये एक वाईट काळ येऊन गेला. कॉलेजनं गवत कापायचं मशीन आणलं. मी पाड्यावरच्या घराच्या कुडाच्या भिंतीत खोचलेला राहिलो, अंगावर गंज चढला, माझ्या टोकाला कोळ्यानं जाळं बांधलं. ते मशीन म्हणे फार आवाज करायचं. करेना का! पण गवताबरोबर ते दगडही उडवायचं. एक दगड प्रयोगशाळेच्या काचेतून आत गेला आणि मशीन कपाटात गेलं. धाकलीनं मला कुडातून काढलं, दगडावर पाणी शिंपडून दुपारभर पाजवलं. मी पुन्हा चमकलो. त्या दिवसापासून मशीनबद्दल माझ्या मनात राग नाही. कपाटात बसलेल्यावर काय रागवायचं?

आता यंदाची गोष्ट सांगतो. धाकलीची नात सुवर्णा याच कॉलेजात शिकते. पाड्यावरून कॉलेजात आलेली ती पहिली मुलगी. विज्ञान शाखेचं दुसरं वर्ष. पहिल्या वर्षी तिचे दोन विषय राहिले, आणि तेव्हापासून ती वर्गात मागच्या बाकावर मान खाली घालून बसायची. तिचा भाऊ विवेक वडप्याच्या गोदामात पॅकिंगला आहे. मुलगा वाईट नाही, बहिणीवर त्याचा जीव आहे. त्याचं सरळ म्हणणं होतं, की शिकणं जमत नसेल तर दिवाळीनंतर गोदामात ये, पॅकिंगला मुली घेतायत, दिवसाची शिफ्ट मिळेल. सुवर्णानं त्याला सांगितलं होतं, की आमच्या वर्गाच्या माधवी मॅडमनी एक काम दिलं आहे, ते जमलं तर शिकेन, नाही जमलं तर तुझ्याबरोबर येईन. सुवर्णाचं पुढचं सगळं त्या एका कामावर येऊन ठेपलं होतं.

हे मला कसं कळलं? तर मी कॉलेजातच होतो. पाड्यावरून येताना शेअर रिक्षावाला उघड्या विळ्याला कुरकुर करतो, म्हणून हंगामात माझा मुक्काम फाटकाजवळ चिंधूच्या केबिनमध्ये असतो. चिंधू हा कॉलेजचा वॉचमन. यंदा नवरात्रात फाटकाजवळचं थोडं गवत काढून धाकली भातकापणीला निघून गेली आणि मी केबिनच्या खिळ्यावर लटकत राहिलो. एका सकाळी सुवर्णा आली, चिंधूकाकाला विचारून मला घेऊन गेली आणि माझ्याकडून तिनं बांबूच्या चार खुंट्या तासून घेतल्या. माळाच्या मधोमध, पळसाच्या झाडाजवळ, तिनं त्या चौकोनात ठोकल्या. निजामपुऱ्यातल्या मैत्रिणीनं लूमवरचं पांढरं सूत आणून दिलं होतं, ते वळून तिनं दोरी केली आणि खुंट्यांभोवती बांधली. चौकोन केवढा, तर दोन माणसं मांडी घालून बसतील एवढा. मला तिनं पळसाच्या फांदीवर अडकवलं आणि तिथेच विसरून गेली. चिंधू मला शोधत राहिला, मी काही त्याला हाक मारू शकत नव्हतो.

माधवी मॅडमचं काम एवढंच होतं. दोरीच्या आत जे जे येतं, राहतं, उगवतं, मरतं, ते रोज बघायचं आणि टिपायचं.

मित्रांनो, मी जन्मभर गवतात राहिलो, पण गवत बघितलं नव्हतं. माझी आणि त्याची गाठ पडायची ती क्षणभर, आणि नंतर ते आडवं. त्या फांदीवर लटकून मी पहिल्यांदा सावकाश पाहिलं. सकाळी दव असायचं. कोळ्याची जाळी एरवी दिसतसुद्धा नाहीत, ती दवानं जड होऊन गवताच्या काडीकाडीवर ताणलेली दिसायची, आणि भिंतीपलीकडच्या लूममधून उडालेली रुई त्यांत अडकून बसलेली असायची. ऊन चढलं की मुनिया यायच्या. एवढुशी पाखरं, पण गवताच्या काडीवर बसून काडी वाकवायची, ती जमिनीला टेकली की दाणे खायची, आणि उडाली की काडी पुन्हा उभी! कुरडूचे गुलाबी तुरे होते, त्यांच्यावर पिवळी फुलपाखरं यायची. टाकळ्याच्या शेंगा वाळून तडतडायच्या. एक हिरवा खंडोबाचा किडा दोरीच्या एका खुंटीवर रोज हात जोडून बसायचा, आणि सुवर्णा त्याला मनापासून 'गुड मॉर्निंग' म्हणायची.

ती मुलगी पहिल्या दिवशी मागं-पुढं बघत, कोणी हसत नाही ना याचा अदमास घेत बसली होती. पुढे पुढे तिला जगाचा विसर पडू लागला. फाटकावर उकडलेले शिंगाडे मिळतात, ते कागदाच्या पुडीत घेऊन यायची, सोलत सोलत बघत राहायची. मोबाइलवर फोटो काढायची. माधवी मॅडमना दाखवायची, आणि मॅडमनी विचारलं की धडाधडा सांगायची. मागच्या बाकावरची मुलगी ती हीच का, असं मॅडमना वाटत असावं. मला तर नक्की वाटत होतं.

घरी मात्र तिनं यातलं काही नीट सांगितलं नव्हतं. जिनं आयुष्यभर गवत कापलं, त्या आजीला कसं सांगायचं, की मी कॉलेजात गवत बघायला जाते? ती फक्त म्हणाली, की मला माळावर दोरी बांधलेल्या जागेत बसून अभ्यास करायचा असतो.

धाकलीनं ते ऐकलं आणि तिच्या काळजात धस्स झालं. कमरेएवढ्या गवतात पोर बसते! आणि आश्विनातलं ऊन, म्हणजे फुरशांचे दिवस. रविवारी कॉलेज बंद असताना ती एकटीच रिक्षा करून आली. चिंधूकडे मी नव्हतो, पण पळसावर लटकताना तिला लांबूनच दिसलो. तिनं मला काढलं, लुगड्याला पुसलं आणि दोरीजवळ गुडघे टेकून बसली.

मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो. पण मला तोंड नाही, धार आहे. आणि त्या दिवशी माझी धार उत्तम चालली, हेच वाईट झालं. धाकलीनं नातीसाठी जीव ओतून काम केलं. दोरीला धक्का लागू दिला नाही, एक खुंटी हलू दिली नाही. बरोब्बर दोरीच्या आतलं गवत तिनं जमिनीलगत कापलं, बाहेरची एक काडी कापली नाही. कुरडू गेला, टाकळा गेला, जाळी गेली. खंडोबाचा किडा उडून पळसावर जाऊन बसला. मग तिनं हातानं जागा झाडली, खडे वेचले, आणि सोमवारी नात येण्याआधी येऊन तिथं उभी राहिली, पोरीचं तोंड बघायला.

सुवर्णा आली. तिनं चौकोनाकडे बघितलं आणि पुस्तकांची पिशवी तिच्या हातातून खाली आली.

"आता बस निवांत," धाकली म्हणाली. "फुरसा न्हाय, इंचू न्हाय. तुझ्यासाठी साफ केलाय."

सुवर्णा रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. ती खाली बसली आणि हळू आवाजात म्हणाली, "आजी, ते गवतच माझा अभ्यास होता. मी तेच बघायला येत होते."

धाकलीला पहिल्यांदा कळेचना. तिनं दोन-तीनदा विचारून घेतलं. गवत बघायचं? नुसतं? त्याच्यावर मार्क मिळतात? कळलं तेव्हा ती कापलेल्या जागेकडे बघत राहिली. मी तिच्या हातातच होतो. सुवर्णा उठली, म्हणाली की जाऊ दे, तुझी चूक नाही, मीच नीट सांगितलं नाही. आणि दिवाळीनंतर दादाबरोबर ड्युटीला जाईन. इतकं सरळ म्हणाली, की जणू ते ठरलेलंच होतं.

धाकलीनं वाद घातला नाही. ती मला हातात तसंच धरून कॉलेजच्या इमारतीत शिरली. मित्रांनो, तो थाट तुम्ही पाहायला हवा होता! लुगड्याचा काचा मारलेली म्हातारी, हातात उघडा विळा, आणि दोन्ही बाजूंना भिंतीला चिकटलेली पोरं. चिंधू 'मावशी, मावशी' करत मागून धावत होता. माधवी मॅडमच्या वर्गाच्या दारात ती थांबली. मॅडमही घाबरल्या असणार, पण त्यांनी 'या आजी' म्हटलं.

"बाई, गवत मी कापला," धाकली म्हणाली. "पोरीचा गुन्हा न्हाय. काय दंड करायचा तो मला करा, पण पोरीला नापास नका करू."

मॅडमनी वर्गाला वाचत बसायला सांगितलं आणि धाकलीबरोबर माळावर आल्या. चौकोनाच्या कडेला वाकून बराच वेळ बघत राहिल्या. दोरी न हलवता कापलेलं ते काम पाहून त्यांना हसू आवरेना. मग सुवर्णाला बोलावून म्हणाल्या, की आधीचे फोटो तुझ्याकडे आहेतच. इथे आता कोण येतं ते बघ, आणि शेजारी न कापलेल्या गवतात असाच एक चौकोन आखून तोही बघ. दोन्ही शेजारी शेजारी ठेवलेस तर मला आधीच्यापेक्षा जास्त आवडेल. पण तो दुसरा चौकोन शेवटपर्यंत उभा राहिला पाहिजे. आणि मैदान तर साफ व्हायचं आहे, तेवढा चौकोन सोडून कापायचं तुम्ही बघा आजी, मी प्राचार्यांशी बोलते.

सुवर्णाला उमेद वाटेना. तिचं मन उतरलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती खुंट्या उपटायलाच आली होती. धाकली आणि बाया माळाच्या दुसऱ्या टोकाला कापत होत्या, मी धाकलीच्या हातात होतो, पण नजर आमची दोघांचीही तिकडेच. पहिल्या खुंटीला तिनं हात घातला आणि तशीच थांबली. कापलेल्या जागेत एक परीट पक्षी उतरला होता. शेपटी वर-खाली हलवत तुरुतुरु धावत होता, उघडे पडलेले किडे टिपत होता. ती खाली बसली. मुंग्यांची ओळ सांडलेलं बी घेऊन चालली होती. कापलेल्या बुडख्यांतून, एवढ्यातच, सुईएवढे हिरवे कोंब वर आले होते. मग बराच वेळ ती उठली नाही. उठली तेव्हा तिनं पळसाच्या पलीकडे उभ्या गवतात चार काटक्या रोवल्या आणि उरलेलं सूत त्यांच्याभोवती गुंडाळलं.

संध्याकाळी फाटकाशी विवेक तिला घ्यायला आला, तेव्हा तिनं त्याला सांगितलं, "दादा, मी येणार नाही. सुपरवायझरला सांग, दुसरी मुलगी घ्या."

विवेक म्हणाला, की मग ती जागा जाईल. ती म्हणाली, जाऊ दे. त्यानं तिच्याकडे नीट बघितलं, खांदे उडवले आणि तिच्या पुडीतला एक शिंगाडा उचलून तोंडात टाकला.

आता सगळं धाकलीवर होतं. कापणारी रांग सरकत सरकत पळसापर्यंत आली. दुसरा चौकोन धाकलीच्याच पट्ट्यात पडत होता. ती तिथे आली, हात थांबला, आणि दोरीला वळसा घालून पुढे सरकली. मागे कमरेएवढा गवताचा ठोकळा उभा राहिला. काशीनं तो पाहिला मात्र, सगळ्या माळावर एकच गलका झाला. धाकलीची शेंडी राहिली! एवढी मोठी शेंडी तर काशीचीही कधी राहिली नव्हती. बाया टाळ्या पिटू लागल्या, कोणी म्हणालं म्हातारीला दिसत नाही, कोणी म्हणालं इळा म्हातारा झाला. मला! मी कधी एवढा अपमान सोसला नव्हता.

काशी गाठ मारायला पुढे आली, तेव्हा धाकलीनं मला आडवं धरलं. "गाठ नको मारू, पाखरा बसतात," ती म्हणाली. "उंद्याचा चाय मी करते."

आणि तिनं केला. सगळ्या बायांना पोटभर, आलं घालून, वर टोमणे ऐकत. मी चुलीशेजारी पडून तिच्याकडे बघत होतो. ती हसत होती.

दिवाळी झाली, भारे गेले, मैदान मोकळं झालं. स्नेहसंमेलनाला आलेले लोक त्या एका उभ्या ठोकळ्याकडे बघून विचारायचे, हे काय राहिलं? मग सुवर्णा पुढे व्हायची आणि सांगायची. मागच्या बाकावरची मुलगी अनोळखी माणसांना बोट दाखवून सांगायची, की इथे मुनिया, तिथे परीट, हे इथं राहिलं, ते तिकडे गेलं.

गेल्या आठवड्यात धाकली पुन्हा आली. कापायला काही नव्हतं. चिंधूनं विचारलं, मावशी आज काय काम? ती म्हणाली, काही नाही. सुवर्णाशेजारी माळावर जाऊन बसली. कमरेचा मी तिला टोचत होतो, म्हणून तिनं मला काढून बाजूला ठेवलं. हात कुठे ठेवावेत ते तिला कळेना, शेवटी मांडीवर ठेवले. सुवर्णा बोटानं दाखवत होती आणि ती बघत होती, कितीतरी वेळ, कामाशिवाय.

"पोरी," ती म्हणाली, "हातान इळा नसला का गवत येगलाच दिसतो."

मला वाईट वाटायला हवं होतं. नाही वाटलं. ती पुन्हा मला उचलणार हे मला ठाऊक आहे, पुढच्या दसऱ्याला माळ पुन्हा कमरेएवढा होणारच आहे.

तर मित्रांनो, माझी मागणी लहानशी आहे. तुमच्या घरातलं कुठलंही हत्यार असो, काम झालं की पुसून, तेलाचा हात फिरवून ठेवा, म्हणजे ते तुमच्यावर कधी रुसणार नाही. आणि उचलाल तेव्हा लगेच चालवू नका. आधी खाली वाका, आत कोण कोण राहतं ते बघा, आणि मग काय कापायचं ते ठरवा. तोवर मी थांबेन. घाई मला कधीच नव्हती, ती हाताला असते.